पोट आत घेऊन

माझ्या डिझाइनच्या अधिकृत चाचणीत पोलिसांच्या छातीवरच्या बारा कॅमेऱ्यांनी पहिल्या आठवड्यात जे चित्रीकरण केलं, त्यात एकही गुन्हेगार नव्हता. पंखे होते. ट्यूबलाइट होत्या. एक घार होती, पण तीही कायद्याच्या चौकटीत राहूनच उडत होती. चौकीच्या छतातली एक गळती मात्र इतकी स्वच्छ टिपली गेली होती की तिच्या दुरुस्तीचा प्रस्ताव दोन दिवसांत मंजूर झाला. माझा प्रस्ताव अडला. तेव्हा माझ्या कामाचा कुणाला काही उपयोग झाला नाही असं म्हणणाऱ्यांनी, आधी त्या चौकीत उत्तरेकडच्या खुर्चीवर बसून दाखवावं. आता तिथे कोरडं असतं.

झालं होतं असं की खात्याकडे गणवेशावर लावायचे कॅमेरे आले, पण त्यांच्यासोबत आलेल्या चुंबकाच्या क्लिपा पळताना निसटायच्या. एका चोराच्या पाठलागात एक कॅमेरा गटारात पडला आणि पुढचे चार तास त्याने तिथे इमानेइतबारे ड्यूटी केली. मग खात्याने जाहिरात काढली : कॅमेरा गणवेशावर घट्ट आणि सरळ बसेल असं साधन हवं आहे, इच्छुकांनी नमुने सादर करावेत.

मी इच्छुक होतो. मी वस्तूंचं डिझाइन शिकलो आहे. तोपर्यंत माझी एकच वस्तू बाजारात होती : खिळ्याशिवाय भिंतीला चिकटणारा बाथरूमचा हुक. तो खरंच चिकटतो. फक्त पडायची वेळ तो स्वतः ठरवतो, आणि शक्यतो समोरच्याच्या डोळ्यांत साबण असताना. आमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांनी तो कौतुकाने घेतला होता, त्यामुळे जिन्यात मला कुणी नावाने हाक मारत नाही. 'हुकवाला' म्हणतात. कुणाच्या घरी टॉवेल खाली पडला तरी दार उघडून आधी माझ्याकडे बघतात. मला या नावातून सुटायचं होतं. गुन्हेगारीला आळा वगैरे त्यानंतर.

बातमी फुटताच वरच्या मजल्यावरचे काका सल्ला घेऊन खाली आले. त्यांना सल्ला द्यायला विषय लागत नाही, समोर माणूस उभा असला की पुरतं.

"चुंबक लाव," ते म्हणाले.

"काका, आधीच्यांना चुंबकच होतं. तेच गटारात पडलं."

"मग मोठं लाव."

"मोठं लावलं तर हवालदार जीपला चिकटेल."

"चिकटू दे की. निदान ड्यूटीवर असताना कुठे जाणार तरी नाही!"

मी हे लिहून घेतलं. काकांसमोर लिहून घेतलं की ते लवकर जातात.

नमुना करण्यासाठी मला मापं हवी होती. पोलीस कार्यालयातल्या हेडक्लार्कनी मला एक जाडजूड वही दाखवली. तिचं नाव 'छाती-नोंदवही'. त्यात प्रत्येक पोलिसाची छाती, कंबर, खांद्याची रुंदी, सगळं सुवाच्य अक्षरांत. मी बघतच राहिलो. काय एकेक छाती! काय कंबरा! माझ्या मनात आलं, एवढे धडधाकट लोक रस्त्यावर असताना चोऱ्या होतातच कशा?

वहीच्या पहिल्या पानावरची तारीख मी वाचली नाही. ती चूक माझी. ती मी कबूल करतो. या गोष्टीत मी एवढी एकच चूक कबूल करणार आहे, तेव्हा नीट लक्षात ठेवा.

नमुना तयार झाला. सांगायला सोपा आहे : एक पातळ पट्टी शर्टाच्या आत, एक बाहेर, मध्ये कापड. बाहेरच्या पट्टीत कॅमेरा बसवून पाव फेरा फिरवला की खट्ट. दोन माणसांनी ओढला तरी शर्ट फाटेल, कॅमेरा निघणार नाही. आमच्या घरात तो दोन शर्ट फाटेपर्यंत तपासला गेला. मी त्याला माउंट म्हणत होतो, खात्याच्या कागदात तो 'धारक साधन' होता आणि बिल्डिंगमध्ये अर्थातच 'पोलिसांचा हुक'.

आता तो माणसावर लावून बघायचा होता. माझ्यावर लावला, सरळ बसला. पण मी आणि हँगर यांत शर्टाला फारसा फरक कळत नाही. म्हणून बाबांना उभं केलं.

बाबा म्हणजे वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. खोट्या मापाखाली सही केली नाही म्हणून तीन बदल्या घेतल्या आणि तीनही बदल्या ते पदकांसारख्या सांगतात. अजूनही भाजीवाला आमच्या फाटकासमोरून जाताना चाल वाढवतो. अशा माणसाने चाचणी घेतल्यावर शंकेला जागा कुठली? बाबा ताठ उभे राहिले. मी टेप लावला, कॅमेरा लावला, कोन मोजला. अगदी सरळ. बाबांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं : 'तपासले. बरोबर आढळले.' आणि खाली सही केली. त्या सहीसकट नमुना खात्यात गेला आणि बारा जणांच्या एका चौकीत चाचणीसाठी मंजूर झाला.

मी त्या संध्याकाळी जिन्यातून सावकाश चढलो. सगळ्यांना बघता यावं म्हणून.

आठ दिवसांनी पंखे आले.

हेडक्लार्कनी मला बोलावून चित्रीकरण दाखवलं. एका प्रसंगात हवालदारांचा आवाज ऐकू येतो, "थांब! थांब म्हणतोय ना!" आणि पडद्यावर निळंभोर आकाश. कुणीतरी धापा टाकतंय, कुणीतरी धडपडतंय, एक सायकल पडल्याचा आवाज, आणि आकाश शांत. इतकं शांत की मलाच जरा बरं वाटलं. बारापैकी अकरा कॅमेऱ्यांची हीच तऱ्हा. बारावा कॅमेरा दोन महिन्यांपूर्वी भरती झालेल्या महिला शिपायाचा. त्याचं चित्रीकरण अगदी सरळ होतं. त्यात सकाळच्या हजेरीला तिचे अकरा सहकारी रांगेत उभे दिसत होते आणि अकराही जणांच्या छातीवरचे कॅमेरे सूर्यफुलांसारखे वर तोंड करून होते.

अहवालात लिहिलं होतं : 'सदर धारक साधन ऊर्ध्वमुखी आहे.'

मला आयुष्यात पुष्कळ नावं ठेवली गेली आहेत, पण संस्कृतात पहिल्यांदाच.

मी तिथून उठलो तो थेट समोरच्या रस्त्यावर आत्याच्या दुकानात गेलो. आत्या बाबांची थोरली बहीण. पोलीस कार्यालयासमोर गेली पंचवीस वर्षं तिचं गणवेश शिवायचं दुकान आहे. माउंट करताना मी तिला काही विचारलं नव्हतं. तिला मशीन चालवता येतं, मला कॉम्प्युटरवर त्रिमिती आकृती काढता येते, असा माझा त्यामागचा विचार होता. विचार कसला, माजच होता तो.

आत्याने माउंट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग तोंडातली टाचणी काढून हसायला लागली.

"कुठल्या मापावर केलंस हे?"

"छाती-नोंदवहीच्या."

"अरे देवा! त्या वहीवर?" आत्याने माउंट मशीनवर ठेवला. "अरे शहाण्या, ती भरतीच्या दिवशीची मापं आहेत! माणूस नोकरीला लागला त्या दिवशी त्याची छाती लिहितात, ती लिहितात. पुन्हा कोण विचारतंय? वीस वर्षं त्याच मापाचा गणवेश येतो वरून. आणि मग तो घेऊन ते सगळे इथे येतात, मागच्या दाराने. मी शिवण उसवते, कापड सोडते, कळ्या घालते. कागदावर सगळे अजून बावीस वर्षांचेच आहेत."

मग मला भूमिती उमगली. खाली पोट पुढे आलं की वरचं कापड उतरतं होतं, छपरासारखं. छपरावर ठेवलेला कॅमेरा आकाशच बघणार.

"पण बाबांवर तर सरळ बसला होता!" मी म्हणालो.

"तुझा बाप?" आत्या आणखीच हसली. "लहानपणापासून टेप दिसला की पोट आत घेतो तो. त्याच्या लग्नाचा कोट मी शिवला. मांडवात पहिल्यांदा श्वास सोडला तेव्हा कळलं मला खरं माप."

मी हे घरी सांगितलं नाही. एकतीस वर्षांच्या तराजूवर असं एकदम वजन टाकणं बरं नव्हे.

उपाय सोपा होता : माउंटच्या मागे एक पाचर. वरून जाड, खाली पातळ, म्हणजे कॅमेरा वाकून समोर बघेल. पण पाचर किती जाड, हे कुणाचं पोट किती यावर अवलंबून, आणि ती मापं आत्याच्या वहीत. मी वही मागितली.

"मिळणार नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

"आणि त्यांच्या नाही? डॉक्टर पेशंटचं बोलत नाही, मी गिऱ्हाइकाच्या कमरेचं बोलत नाही. पंचवीस वर्षांत त्यांच्या बायकांनासुद्धा सांगितलं नाही मी."

शेवटी तिने वही उघडली नाही, पण बोटांनी हवेत पाच जाड्या दाखवल्या. मी पाच आकारांच्या पाचरी केल्या, त्यांच्यावर एक ते पाच नंबर घातले आणि खोका भरून चौकीत नेला. इथे मी माणसांचा अभ्यास न करता वस्तूंचाच का केला, असा प्रश्न कुणी विचारू शकेल. विचारू नये.

अकराच्या अकरा जणांनी एक नंबर मागितला.

चौकीतले सर्वांत ज्येष्ठ हवालदार, ज्यांच्यासाठी पाच नंबरही जेमतेम पुरला असता, ते खोक्यात वाकून बघत होते. वाकणं त्यांना जड जात होतं, पण त्यांनी ते कळू दिलं नाही.

"इंजिनियर," ते हळूच म्हणाले, "शून्य आहे का?"

"हवालदारसाहेब, तुम्हाला जरा मोठी लागेल असं..."

"कोण म्हणतं?" त्यांचा हात नकळत काठीकडे गेला. "नोंदवही बघा. चौतीस छाती, अठ्ठावीस कंबर. सरकारी कागद आहे तो."

सरकारी कागदापुढे कोण बोलणार? खोक्यात दोन, तीन, चार, पाच नंबर तसेच राहिले आणि कॅमेरे पुन्हा पंखे मोजू लागले.

मग खात्याच्या चाचणी समितीचं पत्र आलं. सुनावणीला हजर राहा, 'निर्मितीदोष मान्य असल्याचे' लिहून द्या, म्हणजे सुधारित नमुन्याचा विचार करता येईल. हेडक्लार्क मनाने वाईट नव्हते. त्यांनी मला चहा पाजला आणि समजावलं.

"करून टाका हो सही. फाईलला कुणाचा तरी दोष लागतो, त्याशिवाय ती पुढे सरकत नाही. सही केली की पुढच्या महिन्यात सुधारित नमुना मंजूर. मी सांगतो ना."

"पण दोष माउंटमध्ये नाहीच. कुठे आहे ते मी दाखवतो."

"ते दाखवू नका," हेडक्लार्क एकदम कासावीस झाले. "तेवढं सोडून काहीही दाखवा."

घरी मतं मागायची गरज पडली नाही, ती आलीच. काका म्हणाले, सही कर, शिवाय चुंबक सुचव. समोरच्या काकू म्हणाल्या, हुक पडला तेव्हा कुठे तू सही केली होतीस, तरी आम्हाला कळलंच की दोष कुणाचा. या वाक्यानंतर मी ठरवलं. हुकाचा दोष माझा होता. त्याबद्दल कुणी सही मागितली असती तर मी दहा ठिकाणी केली असती. पण माउंट सरळ होता. सरळ वस्तूला वाकडी म्हणून सही केली असती, तर मी जन्मभर हुकवाला राहिलो असतो आणि तेही रास्त ठरलं असतं.

बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "मी येतो बरोबर. तपासणीवर माझी सही आहे."

मी त्यांना टाळायला कारण शोधू लागलो. पण निवृत्त निरीक्षकाला घरी बस म्हणणं हे आमच्या घरात कुणालाच जमलेलं नाही.

सुनावणी एका लांबट खोलीत होती. टेबलाच्या टोकाला मोठे साहेब, बाजूला समितीचे दोघे, कोपऱ्यात हेडक्लार्क फाईल घेऊन. भिंतीवर पडदा. साहेब म्हणाले, "आम्ही ऐकीव गोष्टींवर जात नाही. लावा मला, आत्ताच बघू." मी त्यांच्या शर्टावर माउंट चढवला, कॅमेरा फिरवला, खट्ट. साहेबांनी खोल श्वास घेतला आणि पोट आत ओढलं.

पडद्यावर समिती दिसली. सरळ, स्पष्ट, दोघांचेही चेहरे मधोमध.

साहेब काही बोलेनात. त्यांना बोलता येत नव्हतं. पोट आत धरून माणूस फार तर मान हलवू शकतो. ते जोवर गप्प होते तोवर माझं डिझाइन निर्दोष होतं, आणि हे त्यांनाही माझ्याइतकंच कळत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. शेवटी त्यांना बोलावंच लागलं.

"तर, समितीचं असं मत झालेलं आहे," साहेबांनी सुरुवात केली, आणि पडद्यावर समितीच्या हनुवट्या गेल्या. "की सदर साधनामध्ये," कपाळं उरली. "मूलतः जो काही," भिंतीवरचं घड्याळ आलं. "दोष," साहेब म्हणाले आणि त्यांचा श्वास संपला.

पडद्यावर पंखा फिरत होता. कुणीही वर बघितलं नाही.

"साहेब," मी म्हणालो, "साधन सरळ आहे. तुमची छाती-नोंदवही जुनी आहे."

हेडक्लार्कनी डोळे मिटून घेतले.

"नोंदवही हा शासकीय दस्तऐवज आहे," साहेब म्हणाले. "तुमच्याच कागदावर अनुभवी निरीक्षकांची सही आहे की तपासणीत सरळ आढळलं. मग आमच्या लोकांवर ते वाकडं का व्हावं? म्हणजे तुम्ही तपासायला एक दिलंत आणि चौकीला दुसरंच. सही करा आणि विषय संपवा."

मी तोंड उघडायच्या आत माझ्या शेजारची खुर्ची सरकली. बाबा उभे राहिले. सुनावणीला जायचं म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि मी त्यांना नेहमी बघतो तसेच ते उभे होते, ताठ, सपाट.

"लिहून घ्या," बाबा हेडक्लार्कना म्हणाले. आवाज बारीक येत होता. "तपासणीच्या दिवशी मी पोट आत घेतलं होतं."

"बाबा, राहू दे," मी पुटपुटलो.

"गप बस. एकतीस वर्षं मी लोकांच्या तराजूखालचे चिंचोके काढले. स्वतःच्या मापात हात घातला आणि खाली सही केली. माप खोटं होतं, वस्तू खरी आहे. ती सही मी मागे घेतो." आणि त्यांनी श्वास सोडला.

मी माझ्या वडिलांना त्या दिवशी प्रथम पूर्ण पाहिलं. सिनेमात असतं तर बटण उडून साहेबांच्या कपात पडलं असतं. पण शर्ट आत्याने शिवलेला होता. बटण जागचं हललं नाही.

"आता तुमची सगळ्यांची पाळी," बाबा समितीकडे बघून म्हणाले. आता आवाज चांगला खणखणीत येत होता.

कुणी श्वास सोडला नाही. साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला, पेन वर ठेवलं. मी पेन उचललं आणि टोपण घालून परत ठेवलं.

"करणार नाही," मी म्हणालो.

"नमुना फेटाळला जाईल."

"जाऊ दे. सरळ वस्तू फेटाळली असं लिहा म्हणजे झालं."

त्यांनी अर्थातच तसं लिहिलं नाही. नुसतं 'फेटाळण्यात येत आहे' असं लिहिलं. शिवाय नवीन साधन येईपर्यंत हेच वापरावं असंही लिहिलं, कारण गटाराचा अनुभव ताजा होता. आम्ही दोघे चालत घरी आलो. बाबा सबंध रस्ताभर पोट सोडून चालले. भाजीवाल्याने त्यांना ओळखलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने निरोप धाडला, पाचरींचा खोका घेऊन ये. तिने एकेक पाचर काढली आणि तिच्यावरचा नंबर कानशीने घासून टाकला. मग खोका मशीनखाली सरकवून मला म्हणाली, "आता जा. आणि दोन आठवडे मागच्या दाराकडे फिरकू नकोस."

दोन आठवड्यांत मागच्या दाराने कोण आलं, मला ठाऊक नाही. आत्याने कुणालाच नंबर विचारला नाही. 'खिसा उसवलाय, शिवून देते' एवढंच म्हणाली असावी, आणि शिवताना आत, माउंटच्या मागे, अस्तराखाली ज्याची त्याची पाचर बसवली असावी. मला फक्त इतकं कळलं की महिनाभराने चौकीच्या चित्रीकरणात पहिल्यांदा एक सायकलचोर दिसला, नाकडोळ्यांसकट. पंखे अचानक बंद झाले होते. म्हणजे फिरत होते, दिसत नव्हते.

मग पुन्हा पत्र आलं. 'फेटाळण्यात आलेले धारक साधन समाधानकारकरीत्या कार्य करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. ही बाब गंभीर आहे. तरी सदर प्रकाराचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा.'

मी एका ओळीत उत्तर पाठवलं : 'साधन आधीही सरळ होते, आताही सरळ आहे, अधिक खुलासा माझ्या आत्याच्या वहीत आहे आणि ती वही कुणालाही दाखवली जात नाही.' बाबांनी उत्तर तपासलं आणि बरोबर आढळल्याचं तोंडीच सांगितलं. ते हल्ली सहीच्या बाबतीत जपून असतात.

सात दिवस झाले, चौदा झाले. खात्याकडून काही आलं नाही. काकांनी जिन्यात अडवून सांगितलं की हे सगळं चुंबकाने केव्हाच सुटलं असतं.

परवा दुपारी आत्याकडे डबा द्यायला गेलो, तर पुढचं शटर अर्धं खाली आणि मधला पडदा ओढलेला. मागच्या गल्लीत एक गाडी उभी होती. वर दिवा असलेली. ड्रायव्हर दुसरीकडे बघत होता, अगदी मुद्दाम.

"बाहेरच थांब," आत्या पडद्याआडून ओरडली. मग कुणाला तरी म्हणाली, "सोडा. सोडा म्हणते ना श्वास! मी काय कुठे सांगायला जाणार आहे?" आणि पडद्याआडून एक भला मोठा, वर्षानुवर्षं साठलेला उसासा ऐकू आला.

गाडी गेल्यावर मी आत शिरलो.

"कोण होतं?"

"कुठे कोण होतं?" आत्या वहीत काहीतरी लिहीत होती. लिहून झाल्यावर वही बंद करून तिच्यावर बसली. "एक पाचर करून आण. पाच नंबरच्यापेक्षा मोठी."

"किती मोठी?"

आत्याने बोटांनी हवेत जाडी दाखवली. मी बघत राहिलो. मग तिने जरा विचार करून बोटं आणखी थोडी लांब केली.

पाचर मी त्याच संध्याकाळी केली. तिच्यावर नंबर घातला नाही. आतल्या बाजूला, अंगाला लागून राहील अशी, मी माझी सही केली. पूर्ण नावानिशी.